लेजंड ऑफ ग्रिमरॉक : कोकणातल्या खेळाडूंना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाने एकदा घरात कोंडलं की आमच्याकडे या गेमचा विषय हमखास निघतो. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या आम्ही काही जणांनी तो खेळून पाहिला. कोड्यांची उत्तरं एकमेकांना फोडायची नाहीत असं ठरलं होतं, तरी फोनवरून ती फुटलीच. गणपतीला चाकरमानी गावी आले की लॅपटॉप उघडून तेच ते प्रश्न पुन्हा विचारतात. म्हणून आमचे अनुभव एकत्र लिहून ठेवले आहेत. आमचं जिथे पटलं नाही तिथे तेही लिहिलं आहे. कोड्यांची उत्तरं मात्र इथे मिळणार नाहीत.

हा गेम नेमका आहे तरी काय?

चार कैद्यांना ग्रिमरॉक नावाच्या डोंगराच्या माथ्यावरून आत ढकलतात. तळापर्यंत जाऊन जिवंत बाहेर पडले तर त्यांचे गुन्हे माफ. गुन्हा कोणता, तो खरंच केला होता का, याची फार चौकशी होत नाही. मग मजल्यामागून मजला उतरत जायचं. वाटेत दगडी बोळ, बंद दारं, खड्डे, राक्षस आणि भिंतींवर कोरलेले कोड्यात टाकणारे शब्द लागतात. सगळं कैद्यांच्या डोळ्यांनी दिसतं आणि चौघं मिळून एकच घोळका म्हणून चालतात. पुढे दोघं, मागे दोघं.

अलमोस्ट ह्यूमन या फिनलंडमधल्या छोट्या कंपनीचा हा पहिला गेम. सुरुवातीला तिथे चारच माणसं होती. विंडोजवर गेम 11 एप्रिल 2012 रोजी आला, त्याच वर्षाच्या अखेरीला मॅक आणि लिनक्सवर, आणि 2015 मध्ये आयपॅडवर.

2012 चा गेम, मग त्याला रेट्रो का म्हणतात?

कारण त्याचा साचा 1987 चा आहे. त्या वर्षी अटारी एसटी या कॉम्प्युटरवर एफटीएल गेम्स कंपनीचा डंजन मास्टर आला. त्याआधीही तळघरात उतरायचे गेम होते, 1981 चा विझार्ड्री त्यातला मोठा. पण तिथे पाळीपाळीने लढायचं असे: तुम्ही चाल ठरवेपर्यंत राक्षस ताटकळत उभा. डंजन मास्टरमध्ये घड्याळ थांबत नाही. तुम्ही झोळीत भाकर शोधताय तोवर समोरचा चावून मोकळा. पुढे 1991 मध्ये वेस्टवूड कंपनीचा आय ऑफ द बिहोल्डर हा गेम याच वाटेने गेला. नंतर गेमच्या दुनियेत मोकळेपणी फिरण्याची सोय झाली आणि ही जातच मागे पडली. ग्रिमरॉकवाल्यांनी चित्रं आणि प्रकाश नवा घेतला, पण चाल तीच ठेवली.

जुन्या आठवणींसाठी लोक हा गेम खेळतात असं सगळीकडे म्हटलं जातं. आमच्याबाबतीत ते साफ खोटं. 1987 साली आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी कॉम्प्युटर सोडा, टीव्हीसुद्धा शेजाऱ्यांच्या ओटीवर जाऊन बघायचा होता. अटारी आम्ही फक्त फोटोत पाहिलेला. तरीही आम्ही अडकलो, त्याअर्थी या साच्यात स्वतःचा काहीतरी दम आहे.

चौकटीचौकटीने चालायचं? हे कंटाळवाणं नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच.

सगळं भुयार समान चौकटींचं आहे. एक कळ दाबली की एक चौकट पुढे. वळायचं तर थेट काटकोनात. तिरकं चालता येत नाही, अर्धं पाऊल टाकता येत नाही. पहिला अर्धा तास मान आखडल्यासारखं वाटतं, हे कबूल. दापोलीच्या आमच्या मित्राने तर तेवढ्यावर गेम बंद करून टाकला होता. नंतर पुन्हा उघडला, ते वेगळं.

पण या चालीमुळे काय होतं बघा. अंतर कधीच मोघम राहत नाही. राक्षस तीन चौकटी लांब आहे म्हणजे तीनच. तो किती वेळात तुमच्यापर्यंत येणार, तोवर किती बाण सुटणार, हा हिशेब डोक्यात मांडता येतो. खड्डा उघडमीट करत असेल तर त्याचा ठेका मोजून पाऊल टाकता येतं. भिंतीचा प्रत्येक तुकडा एका चौकटीचा, म्हणून एखादा तुकडा शेजाऱ्यांपेक्षा जरा निराळा दिसला की नजर तिथेच अडते. नकाशा काढताना एखाद्या जागी आत शिरायला वाटच नसलेला कोपरा उरतो, तेव्हा तिथे काहीतरी लपवलंय हे कागदावरच समजतं. मोकळं फिरू देणाऱ्या गेममध्ये मी कधी भिंतीकडे एवढं टक लावून पाहिलेलं नाही. तिथे भिंत नुसती अडवायला असते.

म्हणून माझं मत असं, की चौकट काढून टाकली तर ग्रिमरॉकमध्ये फारसं काही उरणार नाही. राक्षस बरे आहेत, हत्यारं नेहमीची आहेत, गोष्ट पातळ आहे. सगळी करामत त्या पावलाची आहे.

राक्षसाभोवती गोल फिरत मारणं म्हणजे चीटिंग आहे का?

खेळणारे याला स्क्वेअर डान्स म्हणतात. जागा मोकळी असेल तर राक्षसाच्या समोर थांबायचं नाही. तो वार करायला वळला की खेकड्यासारखं आडवं सरकायचं, त्याच्या बगलेला जायचं, मारायचं आणि पुन्हा सरकायचं. जमलं तर अंगावर ओरखडा येत नाही.

यावरून आमच्यात दोन तट आहेत. मालवणकरांचं म्हणणं, "ह्यां काय लढणां? फुगडी घालतास काय राक्षसावांगडा?" दुसऱ्या तटाचं म्हणणं असं, की चाल आहे तर ती वापरायची, डंजन मास्टरच्या काळापासून खेळणारे हेच करत आले. मी दुसऱ्या तटात. गेम बनवणाऱ्यांनाही ही युक्ती पुरती ठाऊक आहे हे पुढे कळतं. जागा अरुंद होत जाते, दोन बाजूंनी दोघं येतात, आणि ढाली पुढे धरून चालणारे सांगाडे एकाच चौकटीत चौघं असे येतात. तिथे निव्वळ सरकून भागत नाही.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल का? नेट हळू आहे त्याचं काय?

चालण्याची शक्यता चांगली. 2 जीबी रॅम आणि डिस्कवर साधारण 1 जीबी जागा पुरते. अगदी जुन्या मशीनवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसल्याने, कुरकुर झाली तर सेटिंगमध्ये सावल्या कमी करा. एकदा उतरवून घेतला की खेळताना नेट लागत नाही. गेम विकणाऱ्या जीओजी या साइटवरून घेतलात तर कॉपी रोखणारं कुठलं लॉकही नाही. डाउनलोड एखाद्या रात्री नेट बरं असताना लावून ठेवा.

आणि लाईट गेली तर?

एफ5 दाबलं की जागच्या जागी सेव्ह होतं, एफ9 ने परत उघडतं. वारा सुटला, पंखा मंद झाला की आमचा हात आपसूक एफ5 वर जातो. डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएसची बॅटरी पावसाआधीच तपासून घ्यावी. हा सल्ला गेमपुरता नाही, पण कुणी ऐकत नाही.

चौघं कोण निवडायचे?

गेम एक तयार चौकडी देतो, ती वाईट नाही. स्वतः बनवायची तर माणूस, मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचा माणूस), सरडेमाणूस आणि कीटकमाणूस अशा चार जाती, आणि योद्धा, रोग (आजार नव्हे, इंग्रजीतला rogue, म्हणजे चोरटा), जादूगार असे तीन पेशे. पहिल्या खेपेला पुढे दोन योद्धे, मागे फेकून किंवा धनुष्याने मारणारा रोग आणि एक जादूगार. मागच्या रांगेतल्याच्या हातात तलवार देऊ नका, ती पुढे पोचत नाही. भाला पोचतो.

खरी चूक होते ती कौशल्याचे गुण वाटताना. एकेकाला थोडं सगळं शिकवायला जाल तर पुढच्या मजल्यांवर कुणीच कामाचा उरत नाही. एकाने एकच हत्यार धरावं आणि त्यातच वर जावं. बोटमालक असलेला आमचा एक गडी मिनोटॉर सोडून दुसरं काही घेतच नाही. मिनोटॉरला भूक लवकर लागते, पण त्याला कवट्या गोळा करण्याचा एक खास गुण देता येतो. जवळ जितक्या कवट्या तितकी ताकद जास्त. गड्याचा मिनोटॉर कवट्यांचं ओझं घेऊन हिंडतो आणि बाकीचे तिघं त्याच्या खाण्याची सोय बघतात.

जादू एवढी किचकट का ठेवली आहे?

नऊ चिन्हांची पाटी उघडते. योग्य चिन्हं दाबायची, मग मंत्र सोडायचा. समोर राक्षस, हात थरथरतायत आणि त्यात एक चिन्ह चुकलं की नुसताच धूर. हे मुद्दाम आहे. कुठली चिन्हं लागतात ते सांगणारे कागद वाटेत सापडतात, पण जादूगाराचं कौशल्य पुरेसं असेल तर कागद सापडायच्या आधी अंदाजाने चिन्हं जुळवूनही मंत्र लागू शकतो. रत्नागिरीच्या आमच्या एका शिक्षिका मैत्रिणीने असे जुळवून काढले. तिच्यापुढे आम्ही कुणी जादूची गोष्ट काढत नाही.

नकाशा आपोआप निघतो, मग वहीत का काढता?

नवा खेळ सुरू करताना ओल्ड-स्कूल मोड निवडला तर आपोआप निघणारा नकाशा बंद होतो. मग शाळेतली गणिताची चौकटीची वही घ्यायची. एक मजला 32 बाय 32 चौकटींचा. वहीचं पान तेवढ्याला पुरत नाही, म्हणून दोन पानं मधोमध चिकटवा किंवा सरळ आलेख कागद आणा. भिंतीला ठळक रेघ, दाराला आडवी रेघ, खड्ड्याला फुली, ज्या भिंतीचा संशय येतो तिथे प्रश्नचिन्ह. आपल्याला कुठल्याही जागेवरून दुसरीकडे उचलून टाकणाऱ्या चौकटी येतात तिथे पेन वापरू नका, पेन्सिलच वापरा, कारण आपण कुठे आहोत हे पाच चौकटी चालल्यावर समजतं.

पहिल्याच खेपेला हे करा असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्यांदा खेळणार असाल तर आपोआप नकाशा ठेवून खेळण्यात अर्थ नाही. कागदावर मजला तयार होताना दिसतो त्याची चव वेगळी.

कोड्यात अडकलो. निदान इशारा तरी?

एवढंच सांगतो: पाय पडला की दबणारी फरशी तुमच्या वजनाची वाट बघत नसते, दगडही चालतो. खड्ड्यापलीकडे जाता येत नसलं तरी वस्तू फेकता येते. भिंतीवर कोरलेलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. आणि काही वेळा खड्ड्यात पडणं हाच रस्ता असतो.

उरलेल्या वेळी बटण शोधायचं असतं. भिंतीतल्या दगडाएवढं, त्याच रंगाचं. सिंधुदुर्ग बघायला गेलेल्यांना हे लवकर कळतं. 1664 साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्याचा महादरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडवला आहे, की होडी तटाजवळ पोचेपर्यंत आत जायला वाट कुठे ते नवख्याला दिसत नाही. बांधणाऱ्याने तुमची नजर कुठे जाईल ते ओळखून दार दुसरीकडे ठेवलं. ग्रिमरॉकच्या भिंती बघताना हाच प्रश्न विचारा: इथे माझं लक्ष कुठे वळवलं जातंय? समोर दिव्याचा झगझगाट असेल तर मागच्या अंधाऱ्या भिंतीवर हात फिरवा.

यूट्यूबवर सगळी उत्तरं आहेत. एकदा बघितलं की मात्र दर दुसऱ्या दाराला बघावंसं वाटतं, आणि मग गेममध्ये फक्त मारामारी शिल्लक राहते.

खाण्यापिण्याचं काय? उपाशी मरतात का?

भुकेची पट्टी रिकामी झाली की विश्रांती घेऊनही जखमा भरून येत नाहीत, म्हणजे हळूहळू मरणच. पण गेमची अवघडपणाची पातळी नेहमीचीच ठेवून खेळताना, दर लढाईनंतर झोपा काढल्या नाहीत तर अन्न पुरतं. सुरुवातीला भेटतात मोठाल्या गोगलगायी. मारल्या की त्यांचे तुकडे मिळतात आणि तेच जेवण. मुंबईच्या पोरांनी यावर नाकं मुरडली. तिसऱ्या-कालवं असे शिंपले खाऊन वाढलेल्यांनी विचारलं, खोबऱ्याचं वाटप कुठे आहे?

औषधं आपण बनवायची. खलबत्ता सापडला की जपून ठेवा, कुपी रिकामी झाली तरी टाकू नका. टार बीड नावाची वनस्पती जखमांच्या औषधाला लागते, ती दिसेल तिथून उचला. मशालीही विझतात. भिंतीवरच्या पेटत्या मशालीशी आपली विझत आलेली बदलून घेता येते.

लहान मुलांसमोर खेळावा का? भीती वाटते का?

रक्त फार नाही, पण भीती आहे. सुरुवातीच्या पडद्यावर संगीत वाजतं, आत शिरल्यावर मात्र ते नाही. फक्त मशालीची फुरफुर, लांब कुठेतरी दार सरकल्याचा आवाज, आणि पावलं. ती पावलं आपली की दुसऱ्याची हे ओळखायला थोडा वेळ जातो. बाहेर पाऊस कौलांवर वाजत असेल तर हेडफोन लावा, नाहीतर निम्मे इशारे ऐकूच येत नाहीत. वरच्याच मजल्यांवर विषारी कोळी भेटतात. देवगडच्या आमच्या एका मित्राची आई मागून जाता जाता ओरडली, "मेल्या, मागसून इलो तो!" आणि खरंच आला होता. कोळ्यांची मनापासून किळस असणाऱ्यांनी हा गेम विचार करूनच घ्यावा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना चालावा, त्याहून लहानांना झोपवा आणि मग खेळा.

इंग्रजी कच्चं असेल तर?

संवाद जवळपास नाहीत. कोरलेली वाक्यं आणि कागद तेवढे इंग्रजीत, तेही छोटे. वाक्यं कवितेच्या अंगाने जातात, तिथे शेजारी बसलेल्याची मदत घ्या. भाषेपेक्षा विचार जास्त लागतो.

गोष्ट चांगली आहे का?

कामापुरती. झोपल्यावर स्वप्नात एक आवाज बोलतो आणि तोरम नावाच्या आधीच्या कैद्याने लिहून ठेवलेले कागद सापडत जातात. तोरमचे कागद चुकवू नका, काही जागा त्यामुळेच उघडतात. शेवटाचा राक्षस कसा आहे ते सांगत नाही. एवढंच, की आमच्यातल्या कुणालाही तो तसा असेल असं वाटलं नव्हतं. काहींना तो आवडला, काहींना फसवल्यासारखं वाटलं.

दोघांना मिळून खेळता येतो का?

गेममध्ये तशी सोय नाही. आम्ही एकाने कळफलक आणि दुसऱ्याने वही असं वाटून घेतो. वहीवाल्याचं ऐकायचं, एवढा एक नियम पाळा.

दुसरा भाग आधी खेळू का?

लेजंड ऑफ ग्रिमरॉक 2 ऑक्टोबर 2014 मध्ये आला. कैदी घेऊन जाणारं जहाज नेक्स नावाच्या बेटावर फुटतं आणि तिथून सुरुवात. डोक्यावर आकाश आहे, दिवस मावळतो, पाण्याखाली श्वास धरून जाता येतं, फावड्याने खजिना खणता येतो. बेटाचा मालक चिठ्ठ्या ठेवून आपली खिल्ली उडवत असतो. किनाऱ्यावरच्या माणसाला हा भाग लगेच जवळचा वाटेल.

अडचण एकच झाली. पहिले शत्रू म्हणून किनाऱ्यावर कासवं येतात. आमच्यातला एक मंडणगड तालुक्यातला, वेळासच्या जवळचा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखतात, पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लांबून लोक येतात. त्याने कासवाला मारायला नकार दिला आणि बराच वेळ त्यांच्याभोवती सरकत राहिला. शेवटी एकाने चावा घेतल्यावर हात उचलला. मिळालेलं कासवाचं मांस मात्र त्याने कुणालाच खाऊ दिलं नाही.

याच भागात शेतकरी हा पेशा आहे. इतरांना राक्षस मारून अनुभव मिळतो, शेतकऱ्याला तो फक्त खाऊन मिळतो. बोटमालकाला हे कळल्यापासून या भागात तरी त्याने मिनोटॉर सोडला आहे.

तरीही पहिला भाग आधी खेळा. दुसरा मोठा आहे, पसरलेला आहे, कोडी अवघड आहेत. बेटावर वाट चुकली की कुठल्या दिशेचं कोडं अर्धं राहिलंय तेच आठवत नाही. पहिल्यात वाट एकच, खाली. चाल अंगात मुरायला तोच बरा.

कुणाला आवडणार नाही?

दिवसभर काम करून आल्यावर डोकं बाजूला ठेवून खेळायचंय त्याला नाही. दर दहा मिनिटांनी काहीतरी जिंकल्याचं समाधान लागतं त्यालाही नाही. राजापूरच्या आमच्या एका मित्राचं मत असं: एकाच रंगाच्या दगडी भिंती, त्याच त्या दारांची करकर, आणि एक बटण सापडेना म्हणून अख्खा रविवार वाया. त्याचं म्हणणं वाजवी आहे. मधल्या मजल्यांवर भिंती खरोखर फार वेळ सारख्याच राहतात, तिथे गेम लांबवला आहे असं मलाही वाटतं.

आपला स्वतःचा किल्ला यात बनवता येतो का?

येतो. गेमसोबत डंजन एडिटर, म्हणजे भुयार बनवायचं साधन, मिळतो. चौकटींवर भिंती, दारं, राक्षस ठेवायचे. गुंतागुंतीचं काही हवं असेल तर लुआ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत थोडं लिहावं लागतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर इतरांनी बनवलेली अनेक भुयारं फुकट उतरवता येतात, त्यातली काही मूळ गेमपेक्षा कठीण आहेत.

मालवणच्या एका कॉलेजातल्या पोराने सिंधुदुर्ग करायला घेतला आहे. तटबंदी नागमोडी, आणि चौकटीत वळण बसत नाही, त्यामुळे त्याचा तट जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तिन्ही विहिरी मात्र त्याने खड्डे म्हणून टाकल्या आहेत आणि प्रत्येकीतून खालच्या मजल्यावर वेगळ्या ठिकाणी पडायला होतं. महादरवाजा कुठे ठेवलाय ते तो सांगत नाही.

गावाला अर्धा खेळलेला गेम मुंबईला कसा नेऊ?

विंडोजवर डॉक्युमेंट्समध्ये अलमोस्ट ह्यूमन नावाचा फोल्डर असतो. त्यात लेजंड ऑफ ग्रिमरॉकचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि तिकडच्या मशीनवर त्याच जागी टाका. वही वेगळी घ्यायला विसरू नका, ती पेन ड्राइव्हवर येत नाही.